वेळासच्या वाळूत एक सकाळ

धाकट्याला कासवाची पिल्ले पाहायची होती आणि अब्बांनाही बऱ्याच दिवसांनी घराबाहेर न्यायचे होते. म्हणून मार्चमधल्या एका शनिवारी सकाळची शाळा आटोपून आम्ही श्रीवर्धनहून निघालो. बागमांडल्याला गाडी फेरीबोटीत चढवली, सावित्रीची खाडी ओलांडून वेशवीला उतरलो आणि बाणकोटमार्गे वेळासला पोहोचलो. हे गाव रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यात आहे.

थंडीच्या दिवसांत ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या रात्री या किनाऱ्यावर येतात. वाळूत दीडेक फूट खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालतात, ती झाकतात आणि समुद्रात परत जातात. मागे राहिलेली अंडी कोल्हे-कुत्री उकरत, माणसेही नेत. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन ती राखायला सुरुवात केली. सापडलेली अंडी कुंपणाच्या आत तशाच खड्ड्यात ठेवतात. ४५ ते ६० दिवसांत पिल्ले बाहेर येतात.

संध्याकाळी खड्ड्यांवरच्या टोपल्या उचलल्या, पण एकही पिल्लू नव्हते. धाकटा रुसला. तिथला कार्यकर्ता म्हणाला, "उद्या सकाळी या. त्यांची वेळ आपल्या हातात नसते." रात्री गावातल्या एका घरी भात, आमटी आणि सोलकढी असे साधे शाकाहारी जेवण मिळाले.

फजरची नमाज पढून किनाऱ्यावर गेलो. या वेळी एका टोपलीखाली तेरा पिल्ले होती. काळपट, मुलाच्या तळहातावर मावतील एवढी. पाण्यापासून थोडे अंतर ठेवून ती वाळूवर सोडली. एकाला लाट पुन्हा पुन्हा मागे फेकत होती.

"अम्मी, मी उचलून पाण्यात ठेवू?"

मी त्याचा हात धरला. पिल्लाला ही वाट स्वतःच चालू द्यायची असते. मोठी झालेली मादी अंडी घालायला पुन्हा याच किनारपट्टीवर येते, असे अभ्यासक सांगतात.

तेवढ्यात अब्बा हळूच म्हणाले, "लहानपणी आम्ही काठीने वाळू टोचून अंडी शोधायचो. टोपलीभर घरी न्यायचो. कुणी नको म्हटलं नाही."

"मग पिल्लं, नाना?"

अब्बा काही बोलले नाहीत. ते शेवटचे पिल्लू पाण्यात जाईपर्यंत उभे राहिले. निघताना मात्र त्यांनी कार्यकर्त्याला गाठले आणि आपल्या गावच्या किनाऱ्यावर रात्री कासवाचे माग कसे ओळखायचे, ते विचारून घेतले.

तुम्हीही मुलांना घेऊन जरूर जा. फेब्रुवारी ते एप्रिल हा काळ चांगला. आधी गावात फोन करून चौकशी करा आणि एक रात्र मुक्काम ठेवा. दोरीच्या अलीकडे उभे राहा, मोबाईलचा फ्लॅश बंद ठेवा, पिल्लाला हात लावू नका. आणि घरातल्या बुजुर्गांना सोबत न्यायला विसरू नका.