सोमवारी छाती

बेंगळुरूतल्या जवळपास कुठल्याही जिममध्ये सोमवारी संध्याकाळी बेंच प्रेससाठी रांग असते आणि स्क्वॉट रॅक मोकळा असतो. सोमवारी छाती, मंगळवारी पाठ, बुधवारी खांदे, गुरुवारी बायसेप्स, शुक्रवारी पाय. शुक्रवारी सिल्क बोर्डाच्या चौकात गाडी अडकली, की पाय गेलेच. कार्डिओ मग उरल्या वेळात, ट्रेडमिलवर फोन टेकवून, प्रायश्चित्त घेतल्यासारखा. या तक्त्यावर माझा जुना राग आहे. शरीरसौष्ठवाच्या स्पर्धेत उतरणाऱ्याला तो शोभतो. दिवसाचे दोन-तीन तास आणि मधली विश्रांती हेच त्याचं काम असतं. आठवड्याला जेमतेम चार तास हाती लागणाऱ्या नोकरदाराने मात्र तो निमूटपणे स्वीकारला आहे. त्याच्यासाठी माझं म्हणणं असं : आधी ताकदीचे दोन दिवस पक्के करावेत, दोन्ही दिवशी सगळं शरीर घ्यावं, पाय वगळू नयेत, आणि धावणं-चालणं या दोन दिवसांच्या अवतीभवती बसवावं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला : धावलं की कमावलेलं झडतं. या भीतीमागे एक आलेख आहे, आणि तो काही केल्या डोक्यातून जात नाही. १९८० साली रॉबर्ट हिक्सन या अमेरिकी संशोधकाने तीन गट केले. एकाने फक्त वजनं उचलली, दुसऱ्याने फक्त दमश्वासाचा व्यायाम केला, तिसऱ्याने दोन्ही. दहा आठवडे प्रयोग चालला. तिसऱ्या गटाच्या पायांची ताकद सातव्या आठवड्यापर्यंत पहिल्यासारखीच चढत गेली, मग थबकली आणि शेवटच्या दोन आठवड्यांत चक्क उतरली. दमश्वास मात्र दुसऱ्या गटाइतकाच वाढला. ही उतरती रेघ पुढे चाळीस वर्षं जिमच्या गप्पांत फिरत राहिली. त्या लोकांनी नक्की केलं काय होतं, हे सांगायचं मात्र राहून गेलं. ताकदीचे पाच दिवस आणि दमश्वासाचे सहा, म्हणजे आठवड्याला अकरा सत्रं. आऊटर रिंग रोडवर रोजचे दोन तास घालवणाऱ्याने या अकरा सत्रांची धास्ती घ्यावी, हे म्हणजे बसच्या पाससाठी विमानतळाची सुरक्षा तपासणी. २०२२ मध्ये मोरिट्झ शूमान आणि सहकाऱ्यांनी असे ४३ अभ्यास एकत्र तपासले : दोन्ही व्यायाम केल्याने स्नायूंची वाढ किंवा कमाल ताकद कमी होत नाही, उडी मारण्यासारख्या झटक्याच्या ताकदीला थोडी झळ बसते, तीही मुख्यतः दोन्ही एकाच सत्रात कोंबले तर. म्हणून शक्यतो वेगळे दिवस. तेही जमणार नसेल तर आधी वजनं, नंतर धावणं. आणि लांब पल्ल्याच्या धावण्याच्या दुसऱ्या दिवशी स्क्वॉट नको. बाकी कशाला जिवाला घोर लावून घ्यायचा?

पण मग ताकदच आधी का, धावणं का नाही? एक कारण या गावाच्या हवेत आहे. समुद्रसपाटीपासून नऊशे मीटर उंची, वर्षभर सोसवणारी सकाळ, कब्बन पार्क, लालबाग, २००८ पासूनची दहा किलोमीटरची शर्यत. धावायला इथे निमित्त लागत नाही. ते आपोआप होतं. आपोआप होणाऱ्या गोष्टीसाठी वेळापत्रकातली पहिली जागा कशाला अडवायची? दुसरं कारण आपल्या अंगातच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचं एक छायाचित्र २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलं. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. शरीरातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. बीएमआयच्या हिशेबात दोघे सारखेच दिसतात. खाल्लेली साखर रक्तातून उचलून साठवण्याचं मोठं काम स्नायू करतात, आणि आपल्याकडे नेमकी त्यांचीच चणचण. अशा शरीराला 'कॅलरी जाळ' एवढंच सांगणं म्हणजे अर्धाच सल्ला देणं.

ताकद की दमश्वास या वादात इथे औंधचे राजे मध्येच येतात, त्यांना अडवणं कठीण. भवानराव पंतप्रतिनिधींनी १८९७ मध्ये शरीरसौष्ठवपटू सँडोची साधनं आणि पुस्तकं मागवली, दहाएक वर्षं ती मनापासून वापरली, आणि मग सगळं सोडून सूर्यनमस्कारांकडे वळले ते कायमचे. इकडे बेंगळुरूत के. व्ही. अय्यर यांनी आपल्या हर्क्युलिस जिम्नॅशियममध्ये वजनं आणि नमस्कार शेजारी-शेजारी नांदवले. १९३० मध्ये 'मसल कल्ट', १९३७ मध्ये सूर्यनमस्कारांवर पुस्तक. शिवाय टपालाने व्यायामाचे धडे. व्यायामाचं वेळापत्रक या गावातून पाकिटात घालून बाहेर जायचं, तेव्हा ॲप कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. (याच माणसाने कन्नडमध्ये 'शांतला' ही कादंबरी लिहिली, हे मला फार आवडतं.) राजांबद्दल पूर्ण आदर ठेवूनही मला अय्यरांची बाजू घ्यावीशी वाटते. नमस्कार बारावरून शंभरावर गेले की वाढतो तो दमश्वास. अंगावरचं वजन तेवढंच राहतं, म्हणून ताकद एका टप्प्यावर थांबते. शंभर नमस्कार हा उत्तम कार्डिओ आहे. तक्त्यात त्यांना त्याच रकान्यात बसवावं.

दुसरा आक्षेप भीतीचा, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. २९ ऑक्टोबर २०२१ ला कन्नड अभिनेते पुनीत राजकुमार हृदयविकाराने गेले, वय ४६, व्यायामाची आवड सर्वांना ठाऊक. त्यानंतर या शहरात जिमचंच नाव दोषी म्हणून घेतलं गेलं. एका मृत्यूवरून कार्यकारण ठरत नाही. तरी चाळिशीनंतर नव्याने सुरुवात करणाऱ्याने, किंवा घरात हृदयविकार असलेल्याने, आधी डॉक्टरांना भेटावं, वजन हळूहळू वाढवावं आणि छातीत दुखलं तर 'गॅस असेल' म्हणून सेट पुरा करू नये. हिक्सनची ती रेघ मला इथे पुन्हा आठवते. ती दोन व्यायामांचं भांडण दाखवते असं सगळे म्हणतात. मला तिच्यात विश्रांतीला न उरलेली जागा दिसते. आठवड्यात एक पूर्ण मोकळा दिवस हवाच.

तिसरा आक्षेप घरातून येतो : आमचे आजी-आजोबा कुठे वजनं उचलत होते? उचलत होते की. पाटावर बसून उठणं, विहिरीवरून घागर आणणं, उकिडवं बसून निवडणं-टिपणं, देशी संडास. बैठका दिवसभर व्हायच्या, मोजत कुणी नव्हतं. डायनिंग टेबल, कमोड आणि लिफ्ट आल्यावर घरातली ती मेहनत संपली, म्हणून तर ती आता वेळापत्रकात लिहावी लागते. आणि ती सगळ्यांत जास्त कुणाला हवी? नातवंडांना सांभाळायला सांगलीहून, बेळगावहून इथे आलेल्या सत्तरीच्या आई-वडिलांना. त्यांना आपण बूट घेऊन देतो आणि सोसायटीच्या बागेत चार फेऱ्या मारायला पाठवतो. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस आहे : प्रौढांना ताकदीचे व्यायाम आठवड्यातून किमान दोन दिवस, आणि पासष्टीपुढे तोल आणि ताकद दोन्हींवर भर देणारा व्यायाम तीन किंवा अधिक दिवस. म्हणजे मुलापेक्षा आईचा तक्ता जास्त भरलेला असायला हवा. खुर्चीवरून हातांचा आधार न घेता दहादा उठणं, दोन्ही हातांत एकेक लिटरची बाटली, भिंतीला टेकून दंड. सोमवारची वाट पाहायचं कारण नाही, बुधवारीही चालेल.