लज्जा कीं अनास्था?

वडिलांचा रक्तदाब ठरल्या दिवशीं मोजला जातो. परंतु घरांतील स्त्रियांच्या गर्भाशयमुखाच्या तपासणीचा विषय निघतांच सारे गप्प होतात. या मौनास आपण लज्जा म्हणतों. आम्ही त्यास अनास्था म्हणूं.

गर्भाशयमुखाचा कर्करोग बहुतांशीं एच.पी.व्ही. नामक विषाणूपासून उद्भवतो. हा विषाणू शरीरसंबंधानें संक्रांत होतो खरा. पण तो इतका सर्वसामान्य आहे कीं, त्यावरून कोणाच्या शीलाविषयीं अनुमान काढणें हा शुद्ध तर्कदोष होय. तो वर्षानुवर्षें मुकाट राहतो; म्हणूनच ‘कांहीं दुखत नाहीं, मग तपासावें कशाला?’ हा युक्तिवाद येथें फोल ठरतो.

उस्मानाबाद (आतांचें धाराशिव) जिल्ह्यांत ३० ते ५९ वर्षांच्या १,३१,७४६ स्त्रियांविषयीं झालेल्या अभ्यासाचें फलित २००९ सालीं प्रसिद्ध झालें. ज्या गटास या विषाणूची तपासणी एकदांच उपलब्ध झाली, त्यांतील या रोगाचे मृत्यू सुमारें निम्म्यावर आले!

तिसाव्या वर्षापासून दर पांच ते दहा वर्षांनीं ही तपासणी करावी, असें जागतिक आरोग्य संघटनेचें सांगणें आहे. तेव्हां सासूबाईंनीं सुनेस सोबत न्यावें व स्वतःचीही तपासणी करवावी. पुरुषांनीं खर्च द्यावा, घरचें काम पाहावें, आणि उलटतपासणी मात्र करूं नये.