अर्धी वीत पाणी

आमच्या ओसरीच्या वाशांना टांगलेला एक बांबू आहे. आठ हात लांब, दोन्ही टोकांना कोयत्यानं पाडलेल्या खाचा. एका टोकाच्या खाचा नांदेडजवळच्या विष्णुपुरीतल्या एका वृद्ध भोईकाकांनी पाडल्या, दुसऱ्या टोकाच्या जयगडच्या खाडीकाठी माझ्या सासऱ्यांनी. त्या दोघांची आयुष्यात कधी गाठ पडली नाही. माझी नाव मात्र दोघांनी मिळून घडवली, आणि त्यांचं देणं माझ्याकडून फिटलेलं नाही.

मी उदगीरच्या मत्स्य विज्ञान महाविद्यालयात शिकलो. लातूर जिल्ह्यात, समुद्रापासून इतक्या दूर, माशांचं शास्त्र शिकवतात याचं पाहुण्यांना नवल वाटायचं. मला वाटायचं नाही, कारण मी गोदाकाठचा. पण आमच्या पाण्याचा स्वभाव मला कळला तो २०१६ च्या दुष्काळात. त्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. पहिल्या खेपेला पाच लाख लिटर पाणी. त्याच दिवसांत मी धनेगावला मांजरा धरणावर गेलो होतो. भेगाळलेल्या गाळावर एक नाव कलंडून पडली होती आणि तिच्या सावलीत कुत्रं झोपलं होतं. आमच्याकडची धरणं अशी आटत आटत जातात. उरलेला मासा शेवटच्या पसरट पाण्यात गोळा होतो, आणि खोल बुडणारी नाव नेमकी तिथंच पोचत नाही.

पुढं लग्न झालं आणि सासुरवाडी मिळाली ती शास्त्री नदीच्या मुखाशी, जयगडला. तेव्हापासून मनात एकच ध्यास होता: गोदावरीवरच्या विष्णुपुरीच्या शंकर सागर जलाशयात चालेल आणि टेम्पोवर घालून नेली तर जयगडच्या खाडीतही चालेल, अशी एक नाव घ्यायची. मी एक जुनी नाव हेरली. धारदार तळ, लाट कापत जाणारी. इसार द्यायच्या आधी सहज काकांच्या कानावर घातलं.

काकांनी नावेबद्दल एक अक्षर विचारलं नाही. चैत्राचं ऊन होतं. त्यांनी धोतर खोचलं, बांबू घेतला आणि मला काठच्या पाण्यात उतरवलं. ते पुढं, मी मागं. दर दहा पावलांवर बांबू टेकवायचा. कुठं घोट्याएवढं पाणी, कुठं गुडघ्याएवढं, मध्येच बुडालेल्या बाभळीचं खोड. मी नावेचा विषय काढला तेव्हा ते थांबले.

"लेकरा, नावेला कामून इचारतोस? आधी पाण्याला इचार."

संध्याकाळी त्यांनी शेजाऱ्याची सपाट तळाची नाव ओढून आणली. पोत्यांमध्ये ओली वाळू भरली. एक पोतं ठेवायचं आणि नावेच्या कडेला बांबू उभा धरून ती किती बसली ते पाहायचं. "रिकाम्या नावेवर भुलू नको. रिकामी सगळीच तरंगते. माणसं, जाळं, मासा धरून बघ." ते एकेक खाच पाडत गेले. घरी येऊन मी वहीत मांडणी केली. पाण्याला टेकणारा तळ पाच चौरस मीटर असेल, तर दर पन्नास किलोंना नाव एक सेंटीमीटर बसते. सगळा भार साडेपाचशे किलो धरला, तर अकरा सेंटीमीटर, म्हणजे अर्धी वीत. काकांची शेवटची खाच तिथंच होती. शाळेत न गेलेल्या त्या माणसानं माझं सगळं गणित कोयत्यानं आधीच लिहून ठेवलं होतं. ती धारदार नाव मी सोडून दिली.

बांबू घेऊन जयगडला गेलो. सासरे आयुष्यभर तांडेल. त्यांनी खाचांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "जावईबापू, हा माणूस पाणी ओळखतो. पण त्याच्या पाण्याला भरती नाही." त्यांनी मला ओहोटीच्या वेळी खाडीच्या मुखाशी नेलं. पाणी बाहेर धावत होतं आणि वारा समुद्रावरून आत येत होता. दोघांच्या झटापटीत लाटा उभ्या राहत होत्या. सपाट तळ त्यांच्यावर आपटत राहतो आणि बुटका काठ पाणी आत घेतो. त्यांनी बांबू फिरवला आणि दुसऱ्या टोकाला खाचा पाडल्या: भरल्या नावेचा काठ पाण्यावर किती राहिला पाहिजे, त्याच्या.

खाऱ्या पाण्यात नाव थोडी वर उचलली जाते असं मी पुस्तकात वाचलं होतं. हिशेबानं तो फरक जेमतेम तीन मिलिमीटर निघाला. मिठाचा खरा मार धातूला बसतो, हे सासऱ्यांनी गंजलेले बोल्ट हातावर ठेवून दाखवलं. इंजिनाला स्वतः झिजून बाकीचा धातू वाचवणारा तुकडा असतो. जस्ताचा तुकडा गोड्या पाण्यात निकामी होतो, मॅग्नेशियमचा खाऱ्यात भराभर संपतो. दोन्हीकडं जायचं तर अ‍ॅल्युमिनियमचा लावायचा.

शेवटी नाव घेतली ती सोळा फुटी, फायबरची. मध्ये जवळजवळ सपाट, नाळेकडं हळूहळू धार धरणारी, काठ उंच. इंजिनाचा पंखा तळाच्याही खाली उतरतो, म्हणून उथळात इंजिन वर उचलायचं आणि बांबूनं रेटायचं. विष्णुपुरीत लाटेसाठीची धार थोडी वाया जाते, जयगडला सपाटपणा थोडा आपटतो. दोन पाण्यांची नाव म्हटलं की दोघांचंही थोडं ऐकावं लागतं.

मी काकांना पैसे द्यायला गेलो, तर त्यांनी माझी मूठ मिटवली. मागितलं एकच. गोदावरीला ते गंगाच म्हणत. "खाडीतून आणलीस की धू, वाळव, मगच माझ्या गंगेत घाल. आणि इथली जलपर्णी तिकडं नेऊ नको." नावेत उरलेल्या पाण्यातून, जाळ्यात अडकलेल्या मुळांतून एका पाण्याची पीडा दुसऱ्या पाण्यात जाते, हे मला कॉलेजात शिकवलं होतं. काकांच्या तोंडून आलं तेव्हा ते वचन झालं.

आता काका नाहीत. सासऱ्यांना होडीत चढवत नाही, त्यांना नाव काठावरून दाखवतो. १ जून ते ३१ जुलै समुद्रातल्या यांत्रिक मासेमारीला बंदी असते. त्याआधीच नाव जयगडहून घरी येते. गोड्या पाण्यानं इंजिन धुतो, तळ घासतो, नाव अंगणात उलटी घालून कडकडीत उन्हात ठेवतो. पावसाळा सरला, जलाशय भरला की बांबू खाली काढतो. नाव काठावर थांबते, आणि आधी मी पाण्यात उतरतो.