खाऱ्या कुंडीतला हरभरा

अकोला, अमरावती, बुलढाण्यातला पूर्णेकाठचा खारपाणपट्टा. विहिरीचं पाणी खारं, म्हणून इथला बराचसा हरभरा जमिनीतल्या ओलीवरच निघतो. खाऱ्या जमिनीत कोणता वाण तग धरतो, हे मला जाणून घ्यायचं होतं. शेतीची माहिती मात्र शून्य. ओळखीच्या एका शेतकरी काकांना विचारलं, तर ते म्हणाले, “आधी माती तपासा ताई, बियाण्याचं मग बघू.”

तपासणीच्या कागदावर ‘सामू’ (म्हणजे पीएच) आणि ‘ईसी’ असे रकाने होते. ईसी म्हणजे विद्युतवाहकता: विरघळलेले क्षार जास्त, तर वीज जास्त वाहते. संपृक्त मातीच्या अर्काची ईसी मीटरला ४ डेसीसायमनच्या वर गेली की जमीन क्षारयुक्त. मातीच्या कणांनाच सोडियम चिकटून बसलं तर ती चोपण, आणि तिला जिप्सम लागतं. खराब जमिनीतही असे प्रकार असतात, हे मला तिथे कळलं.

मग वाण पारखायला कुंड्या घेतल्या. संशोधक ‘८० मिलिमोल’ मिठाचं पाणी देतात, असं वाचलं. म्हणजे नेमकं किती? कागदावर बरीच आकडेमोड केल्यावर उत्तर आलं: लिटरला साधारण पावणेपाच ग्रॅम. लहान चमचाभरही नाही, आणि हरभऱ्याला तेवढंही जड जातं! मीठ वाहून जाऊ नये म्हणून कुंड्यांची भोकं बुजवली. देशी ‘जेजी ११’ आणि काबुली ‘आयसीसीव्ही २’ पेरले. शेजारी गोड्या पाण्यावरची जोडी ठेवली.

खाऱ्या कुंड्यांतली रोपं ठेंगणी राहिली, खालच्या पानांच्या कडा पिवळ्या पडल्या. पण दोघांत सरस कोण, ते पाल्यावरून काही ठरेना. फुलोरा सरल्यावर काबुलीचा एक घाटा फोडला, तर आत मोहरीएवढा सुरकुतलेला दाणा. देशीचे घाटे मात्र बोटांना भरीव लागत होते.

याचं कारण इक्रिसॅट या शेती संशोधन संस्थेच्या २००७ मधल्या अभ्यासात सापडलं. अडीचशेहून जास्त वाण खाऱ्या मातीत लावले, तेव्हा त्यांच्या उत्पन्नात सहापटीपर्यंत फरक पडला. पन्नास दिवसांच्या रोपाच्या वाढीवरून पुढचा अंदाज लागत नव्हता. टिकाऊ वाणांना भरलेले घाटे जास्त येत. दाण्याच्या आकारात फारसा फरक नव्हता. देशी वाण काबुलीपेक्षा काटक ठरले.

कर्नालच्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेने अशाच जमिनींसाठी ‘कर्नाल चना १’ काढला आहे. वाण कोणताही लावा, नुसता हिरवा पाला पाहून निवाडा करू नका. घाटे भरेपर्यंत थांबा आणि मूठभर फोडून बघा.