चूल गेली, मनी राहिली

मराठी घरात मांजरासाठी वेगळी जागा कोणी राखून ठेवली नाही. ती त्याने आपणच निवडली : विझलेल्या चुलीची कोमट राख. पराकोटीच्या दारिद्र्याला आपण 'चुलीत मांजरे व्याली' असे म्हणतो. चूल पेटतच नाही, म्हणून मांजरीचे बाळंतपण तिथे निर्धास्त पार पडते, असा हा कडवट विनोद. पण मांजराला ऊब किती प्रिय, हेही त्यात आलेच.

आता चुली गेल्या. गॅसच्या शेगडीची ऊब चहा गाळून होईतो संपते. आणि आमचा निफाड तालुका तर थंडीसाठी प्रसिद्ध! हिवाळ्यात राज्यातले नीचांकी तापमान अनेकदा आमच्याच नावावर लागते. द्राक्षांचे मणी तडकू नयेत म्हणून पहाटे बागांतून शेकोट्या पेटतात. पण कोणी मांजराची काळजी केली, की लोक हसतात. "त्याला देवानंच कोट दिलाय की!"

तो कोट मात्र पुरत नाही. मांजराच्या अंगाचे तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअस, म्हणजे आपल्याहून अंमळ अधिक. आपल्याला सुखद वाटणारी हवाही त्याला गारच. म्हणून ते नाक शेपटीत खुपसून वेटोळे करते. तेवढेच कमी अंग उघडे राहते. नवजात पिल्लांना तर धड कुडकुडताही येत नाही. आईच्या कुशीत एकमेकांवर रचून पडणे, एवढेच त्यांच्या हाती.

आजीची मनी आता १२ वर्षांची आहे. म्हातारपणी तिचेही सांधे आखडतात. आजीने द्राक्षांचा पुठ्ठ्याचा खोका आडवा करून विटांवर ठेवला. आत जुन्या लुगड्याची घडी, मनी शिरेल एवढेच तोंड, आणि वाऱ्याकडे पाठ. पुठ्ठ्याच्या पापुद्र्यांत कोंडलेली हवा ऊब धरून ठेवते. खोका उघड्यावर असेल तर कापडापेक्षा कोरडा पेंढा बरा, कारण कापड ओल धरते.

माया आंधळी झाली तर जिवावर बेतते. ट्रंकेतली शाल डांबरगोळ्यांचा वास घेऊन येते. मांजर अंग चाटते आणि ते विष पोटात जाते. माणसाची पॅरासिटामॉलची एक गोळी त्याचा प्राण घेऊ शकते. बंद खोलीतली कोळशाची शेगडी तर आपल्यालाही घातक. गल्लीतली मांजरे रात्री मोटारीच्या गरम इंजिनापाशी शिरतात. सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वी बॉनेटवर एक थाप मारावी.

गेल्या हिवाळ्यात वारा लागू नये म्हणून मी खोक्याच्या तोंडावर पोते सोडू लागलो, तेव्हा आजी म्हणाली, "पार बंद करू नको रे. उकडलं तर तिला बाहेर यायला नको का?"

आजी ८० च्या घरात आहे. दर थंडीत आम्ही तिला शहरात येण्याचा आग्रह करतो. ती येते, चार दिवस आमच्या बंद खिडक्यांच्या उबेत बसते आणि पाचव्या दिवशी पिशवी भरते. "मनीचं कोण बघणार?" या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नसते. यंदा आम्ही तिला अडवले नाही. नवी घोंगडी बांधून दिली आणि एस्टीत बसवून आलो.