भिलारची पुस्तके आणि आमचे कपाट

आमच्या साताऱ्याच्या घरात माजघराशेजारच्या खोलीत एक सागवानी कपाट आहे. तीर्थरूप अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, शाळेत शास्त्र व भूगोल हे विषय तीस वर्षे शिकविले आणि त्या काळात संसारातील दोन पैसे वाचवून जी पुस्तके जमविली, ती सर्व या कपाटात आहेत. ‘सृष्टिज्ञान’ मासिकाचे बांधीव खंड आहेत, आकाशदर्शनाची, वनस्पतींची व पक्ष्यांची पुस्तके आहेत, आणि ज्यांची मुखपृष्ठे केव्हाच गळून गेली अशी भूगोलाची पाच-सहा जाड बाडे आहेत. अण्णा १९९१ साली गेले. त्यानंतर कपाट उघडण्याचे काम बहुधा डांबराच्या गोळ्या टाकण्यापुरतेच उरले.

गेल्या माघ महिन्यात या कपाटावरून घरात बोलणे निघाले. दादांची नात मनू आता बारा वर्षांची झाली. तिला अभ्यासाला मेज हवे, आणि मेजाला जागा हवी. खोलीतील जागा कपाटाने अडविलेली. दादांनी निकाल देऊन टाकला. “इतिहासाचे पुस्तक जुने झाले तर त्याचे मोल वाढते,” ते म्हणाले, “पण शास्त्राचे पुस्तक जुने झाले की ते खोटे ठरते. मुलीच्या हाती खोटी पुस्तके कशाला? शनिवारी रद्दीवाल्यास बोलाव.” दादांचे म्हणणे अगदीच चुकीचे होते असे मला म्हणता येईना. प्लूटोचा शोध १९३० साली लागला म्हणून अण्णांच्या पुस्तकांत नऊ ग्रह आहेत. २००६ साली ज्योतिर्विदांनी त्याला ग्रहांच्या पंक्तीतून उठविले, ही वार्ता त्या कपाटात शिरलेलीच नाही.

मी एवढेच म्हणालो, की आधी नवी पुस्तके कशी असतात ती पाहू, मग जुन्यांचे ठरवू. त्यावर सौ. वहिनींनी सुचविले, “मग भाऊजी, भिलारलाच का जात नाही? मनूलाही सुट्टी आहे.” दादांनी गुडघ्याचे निमित्त सांगून घरी राहणे पत्करले, आणि रविवारी पहाटे वहिनी, आमचे कुटुंब, मनू व मी असे चौघे मोटारीने निघालो.

पाचवडवरून वाईस पोहोचलो तेव्हा कृष्णेच्या घाटावर ऊन उतरत होते. ढोल्या गणपतीचे दर्शन घेतल्याशिवाय वहिनी पुढे जाऊ देणार नाहीत हे ठाऊकच होते. वाईत आणखी एक दर्शन घेण्यासारखे स्थान आहे, ते म्हणजे मराठी विश्वकोशाचे कार्यालय. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्यासारख्या, वेदान्त व धर्मशास्त्र यांत मुरलेल्या पंडिताने अणुगर्भापासून जीवाणूंपर्यंत साऱ्या शास्त्रांना मराठीत आणण्याचा भार याच गावी उचलला, आणि १९७६ साली विश्वकोशाचा पहिला खंड बाहेर पडला, याचे मला नेहमी कौतुक वाटत आले आहे. रविवार असल्याने आम्ही बाहेरूनच नमस्कार केला.

वाईपासून पसरणीचा घाट चढू लागले, की धोम धरणाचे पाणी खाली पसरलेले दिसते. घाटाच्या कापलेल्या कड्यात काळ्या दगडाचे थरावर थर रचलेले आहेत. घराच्या भिंतीत चिरे बसवावेत तसे. हे थर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे. माथ्यावर मात्र तांबडा जांभा दगड लागतो, आणि पाचगणीचे प्रसिद्ध पठार त्याचेच आहे. मनूने विचारले, “काकाआजोबा, खाली काळा आणि वर तांबडा, हे दोन निरनिराळे दगड का?” मी सांगितले, की काळा दगडच ऊन-पावसाने युगानुयुगे कुजून, त्यातील विरघळणारे क्षार वाहून जाऊन लोहाचा भाग मागे उरला, की जांभा होतो. उत्तर बरोबर होते, पण ते मला अण्णांनी याच घाटात सांगितलेले होते, एवढे मी तिला सांगितले नाही.

पाचगणीपासून महाबळेश्वरच्या वाटेने थोडे गेले, की भिलार गाव येते. स्ट्रॉबेरीच्या लागवडीसाठी हे गाव पूर्वीपासून प्रसिद्ध होते. ४ मे २०१७ रोजी ते ‘पुस्तकांचे गाव’ म्हणून जाहीर झाले. मूळ कल्पना वेल्समधील हे-ऑन-वाय या गावाची. परंतु तेथे पुस्तकांची दुकाने आहेत. येथे पुस्तके विकत नाहीत, वाचावयास देतात, तीही विनामूल्य. प्रारंभी गावातील २५ ठिकाणी मिळून सुमारे १५,००० पुस्तके ठेविली गेली. ही ठिकाणे म्हणजे बहुतेक राहती घरेच होत. एका घरी कादंबऱ्या, दुसऱ्या घरी चरित्रे, तिसऱ्या घरी संतवाङ्मय, अशी विषयवार वाटणी. भिंतींवर चित्रे रंगविलेली, दारावर पाटी. चपला काढाव्या, आत जावे, हवे ते पुस्तक घेऊन बसावे.

ज्या घरी निसर्ग व पर्यावरण या विषयांची पुस्तके होती तेथे आम्ही प्रथम गेलो. बाहेरच्या खोलीत पुस्तकांची मांडणी, आणि आतल्या खोलीत घरच्यांचे नित्याचे व्यवहार चालू. फोडणीचा वास येत होता. वाचनालय म्हटले की ‘शांतता राखा’ ही पाटी आणि तिच्याखाली डुलक्या घेणारे दोन वृद्ध, एवढेच ज्यांना ठाऊक, त्यांनी हे घर एकदा पाहावेच. यजमानीणबाईंनी कोण, कुठले, अशी चौकशी केली आणि वहिनी पाच मिनिटांत त्यांच्याबरोबर स्वयंपाकघरात दिसेनाशा झाल्या.

नव्या पुस्तकांविषयी मनात आलेले खरे लिहितो. प्रथमदर्शनी त्यांचे रूप दिपविणारे आहे. गुळगुळीत कागद, पानोपानी रंगीत छायाचित्रे. अण्णांच्या पुस्तकांत ज्या पक्ष्याचे शाईने काढलेले दोन इंचांचे चित्र, तो येथे डोळ्यांतील चमकेसह समोर बसलेला. पण काही पुस्तकांत मराठी वाचतो आहोत असे वाटतच नाही. वाक्ये परक्या भाषेतून उचलून तशीच मांडलेली, आणि शेवटी सूची म्हणाल तर नावाला नाही. मारुती चितमपल्ली यांचे पुस्तक हाती घेतले की हा भेद तत्काळ ध्यानी येतो. त्यांनी आयुष्य वनखात्यात घालविले आणि रानातल्या माणसांच्या तोंडचे शब्द टिपून घेतले. बगळे-करकोच्यांच्या वसाहतीस त्यांनी ‘सारंगागार’ म्हटले, कावळ्यांच्या वसाहतीस ‘काकागार’. शब्द असा मिळाला की वस्तू दिसू लागते. विज्ञानाच्या बाजूस असेच काम जयंत नारळीकरांनी केले. २०२५ साली मे महिन्याच्या २० तारखेस नारळीकर गेले आणि जूनच्या १८ तारखेस चितमपल्ली. एका महिन्यात मराठीतील ही दोन्ही फडताळे पोरकी झाली.

मनू एव्हाना पक्ष्यांचे एक नवे पुस्तक घेऊन खिडकीशी बसली होती. थोड्या वेळाने ती पुस्तक घेऊन आली आणि म्हणाली, “हे घुबड आपल्या कपाटातल्या पुस्तकातही आहे. तिथे लिहिले आहे, की ते आता बहुधा उरलेच नाही.”

ते घुबड म्हणजे रानपिंगळा. त्याची कथा एखाद्या रहस्यकादंबरीसारखी आहे. ह्यूम या पक्षितज्ज्ञाने १८७३ साली त्याचे प्रथम वर्णन केले. पुढे खानदेशात नोकरीस असलेल्या डेव्हिडसन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्याचे काही नमुने मिळविले. १८८४ नंतर मात्र हा पक्षी कोणास मिळाला नाही. मग माइनर्ट्‌झहागेन या बड्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने आपण १९१४ साली गुजरातेत मांडवीजवळ एक नमुना मिळविल्याचे सांगितले, आणि पुढील ग्रंथकारांनी ते खरे मानले. शोध करणारे त्या जागी शोधून थकले. अखेर पामेला रासमुसेन या विदुषीने संग्रहालयांतील नमुने तपासले, तेव्हा उघडकीस आले, की त्या गृहस्थाने डेव्हिडसनचाच जुना नमुना संग्रहालयातून चोरून त्यावर खोटी चिठ्ठी बांधली होती! खोटी चिठ्ठी बाजूस सारून जुन्या, खऱ्या चिठ्ठ्यांवरील गावांचा माग काढीत ती व तिचे दोन सहकारी १९९७ च्या नोव्हेंबरात शहाद्याजवळच्या जंगलात आले, आणि भरदिवसा एका उघड्या फांदीवर रानपिंगळा बसलेला त्यांना दिसला. मध्ये ११३ वर्षे गेली होती. पुढे तो मेळघाटात सापडला. २०१४ साली तर मुंबईपासून फार दूर नसलेल्या तानसा अभयारण्यातही.

ही कथा वाचताना माझे मन दादांच्या वाक्यावर अडले. नवीन पुस्तकाने जुने खोटे पाडले हे खरेच. पण ते नवे पुस्तक लिहिता आले कशाच्या बळावर? सव्वाशे वर्षांपूर्वीच्या चिठ्ठ्या कोणी तरी रद्दीत घातल्या नाहीत म्हणून!

दुपारी दुसऱ्या एका घरी विज्ञानाची पुस्तके पाहिली. १४ सप्टेंबर २०१५ रोजी प्रथम पकडलेल्या गुरुत्वीय लहरी, आणि तशीच वेधशाळा आता आपल्या औंढा नागनाथाजवळ व्हावयाची आहे हे वर्तमान. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरलेले चांद्रयान. असे कितीतरी विषय अण्णांच्या कपाटाने स्वप्नातही न पाहिलेले. मी मात्र भूकंपावरील एका पुस्तकात गुंतलो, कारण त्यात कोयना होती. धरणात साठविलेल्या पाण्याचा भार आणि खडकांच्या भेगांत मुरणाऱ्या पाण्याचा दाब, यांमुळे आधीच ताणलेला भूस्तर कसा सरकू शकतो, हे त्यात सोप्या भाषेत समजाविले होते. त्या प्रदेशात अजूनही धक्के बसतात, आणि त्यांचे कारण जाणण्यासाठी शास्त्रज्ञांनी खडकात सुमारे ३ किलोमीटर खोल भोक पाडले आहे. सकाळी घाटात पाहिलेल्या त्या काळ्या थरांच्याही खाली ते जाते.

निघताना यजमानीणबाईंनी मनूच्या हाती स्ट्रॉबेरीची करंडी दिली आणि पैसे काही केल्या घेईनात. वहिनींनी शेवटी पिशवीतील तिळाच्या वड्यांचा डबा तेथेच ठेवून फिट्टंफाट केली. आम्ही चार पुस्तकांची नावे टिपून घेतली होती. ती साताऱ्यात मागविता येणार होती.

रात्री घरी येताच मनूने कपाट उघडले. पक्ष्यांच्या पुस्तकात रानपिंगळ्याच्या ओळीपुढे पेन्सिलीने काढलेले एक प्रश्नचिन्ह होते, बाकी काही नाही. मग मी भूगोलाचे एक बाड काढले. दख्खनचे पठार हा पृथ्वीवरील अत्यंत स्थिर भागांपैकी एक असून येथे मोठ्या भूकंपाचे भय नाही, अशा अर्थाचे त्यातील वाक्य लहानपणी मी पाठ केले होते. त्या वाक्याखाली रेघ होती, आणि समासात अण्णांच्या बारीक अक्षरात लिहिले होते: ‘११ डिसेंबर १९६७, पहाटे ४ वा. २१ मि.’ पाठांतराच्या वयात मी ते शब्द कितीदा पाहिले असतील. त्यांचा अर्थ मात्र कधी विचारला नव्हता.

मी पान दादांपुढे धरले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. त्या पहाटे माझा जन्म झालेला नव्हता. दादा सहा वर्षांचे होते. “अण्णांनी मला घोंगडीत गुंडाळून अंगणात आणले,” ते म्हणाले. “आई ओरडत होती, की घरापासून लांब व्हा. कौले पडत होती. आणि अण्णा विजेरी पेटवून मनगटावरचे घड्याळ पाहत होते. आईने त्या गोष्टीवरून त्यांना पुढे वर्षभर बोलून घेतले. मलाही तेव्हा त्यांचा राग आला होता.”

शनिवारी रद्दीवाला आला. त्याला परीक्षांची मार्गदर्शके, वर्तमानपत्रे व माझ्या काही जुन्या कादंबऱ्या दिल्या. कपाट खिडकीच्या बाजूस सरकवून मेजाला जागा केली. थोडी अडचण होते, पण होते. रानपिंगळ्याच्या प्रश्नचिन्हापुढे मनूने ‘शहादे, नोव्हेंबर १९९७’ असे लिहिले आहे. नऊ ग्रहांचे पान काढून तिने पेन्सिल दादांच्या हाती दिली, तेव्हा ते चष्मा शोधण्यास आत गेले.