मुलीचा होकार

अपत्यहीन दाम्पत्याचे दुःख धर्मगुरूच्या कानी पुष्कळदा येते. परंतु आपल्या सोलापुरातील एका कुटुंबाने अलीकडे माझ्यापुढे मांडलेला पेच निराळा होता. थोरला मुलगा व सून नोकरीनिमित्त कॅनडात राहतात. लग्नाला बारा वर्षे झाली, मूल नाही. धाकट्याला इथे दोन मुली आहेत. त्यांतली सात वर्षांची धाकटी थोरल्याला द्यावी, असे आजीचे म्हणणे. “रक्त घरातच राहतंय, फादर, अन् पोरीचंही भलं होतंय.” थोरल्या सुनेला मात्र अनाथालयातील बाळ आणावे, असे वाटते.

एकेकाळी या प्रश्नाला आपल्यापुरते उत्तरच नव्हते. १९५६ चा दत्तक कायदा हिंदू, बौद्ध, जैन व शीख बांधवांसाठी होता. ख्रिस्ती दाम्पत्याला १८९० च्या कायद्यान्वये केवळ पालकत्व मिळे; मूल पाल्यच राही, वारस होत नसे. बालन्याय कायदा २००० साली आला, २००६ च्या दुरुस्तीने त्यातील दत्तकाची वाट स्पष्ट झाली आणि ती कोणत्याही धर्माच्या व्यक्तीला खुली आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले.

मूल परदेशी जायचे असेल तर नियम अधिक कडक आहेत, आणि त्याला कारणही आहे. परदेशी दत्तकातील गैरप्रकारांविषयी लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. त्यावर १९८४ साली न्यायमूर्ती भगवती यांनी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली : बालकासाठी घर प्रथम मायदेशात शोधावे, ते न मिळाल्यासच परदेशात. १९९० साली ‘कारा’ ही केंद्रीय संस्था स्थापन झाली. १९९३ चा हेग करार भारताने २००३ साली स्वीकारला.

या कुटुंबापुढे आज दोन्ही वाटा खुल्या आहेत. अनाथ बालक हवे असेल तर तिकडच्या अधिकृत संस्थेमार्फत नोंदणी करावी लागते, घराची व परिस्थितीची पाहणी होते आणि मग प्रतीक्षा. भारतीय नागरिकत्व कायम असलेल्यांना येथील रहिवाशांइतकेच प्राधान्य मिळते. मूल घरी गेल्यावरही दोन वर्षे त्याच्या प्रगतीचे अहवाल पाठवावे लागतात. नात्यातील मूल घेण्यासही कायद्याची मुभा आहे. पण तिथेही तिकडची पाहणी व ‘कारा’चे ना-हरकत पत्र लागते. घरच्या घरी स्टँप पेपरवर लिहून मूल देता येत नाही. शिवाय नात्यातील मूल पाच वर्षांहून मोठे असेल तर त्याची स्वतःची संमती हवी.

रक्ताच्या आग्रहाविषयी बोलताना मी आजींना आपल्याच जिल्ह्यातील पंढरपूरची आठवण करून दिली. तेथे १८७५ साली बालहत्या प्रतिबंधक गृह स्थापन झाले. समाजाच्या भीतीने ज्यांचा जीव घेतला गेला असता, अशा अर्भकांना तिथे आसरा मिळाला. त्यांचे रक्त कोणते, हे विचारत बसले असते तर एकही बाळ वाचले नसते. नाझरेथच्या घरीही संत योसेफाने रक्ताचा हिशेब न मांडता बाळ येशूचा सांभाळ केला.

मग आजींनी मोशेचा दाखला दिला. तोही राजवाड्यात वाढला, मोठा झाला! खरे आहे. परंतु त्याच्या आईने त्याला टोपलीत ठेवून नदीकाठी सोडले ते फारोच्या हुकुमापासून त्याचा जीव वाचावा म्हणून. जिचे आईवडील प्रेमळ आहेत, शाळा चालू आहे, बहीण शेजारी झोपते, त्या मुलीला आपण कशापासून वाचवणार?

“मुलीला विचारलंत का?” असे मी विचारले, तेव्हा घरातील मोठी माणसे एकमेकांकडे पाहू लागली. काकाचे दुःख, आजीची माया, कॅनडातील शाळा, सगळ्यांचा विचार झाला होता. तेवढे एक विचारायचे राहिले होते.

निर्णय त्या कुटुंबाचा आहे व तो अजून व्हायचा आहे. माझे मत मी त्यांना सांगितले. ज्याला घर नाही, त्याला घर देणे हे दत्तकाचे पुण्य आहे. ज्या मुलीला घर आहे, तिला तिथून उचलून दुसऱ्या घराची उणीव भरून काढणे हे त्या पुण्यात बसत नाही. आपल्यापैकी कोणाच्या घरी हा विषय निघाला तर मोठ्यांची बैठक बसण्याआधी मुलाला जवळ घ्या, आणि त्याला ‘नको’ म्हणता येईल अशा रीतीने विचारा.